हॉस्पिटलच्या फोन बोर्डवरचे माझे पहिले चार महिने

२०२४ च्या जूनमध्ये मी मिरजेतल्या एका साठ खाटांच्या खाजगी हॉस्पिटलात फ्रंट ऑफिसला लागले. त्याआधी नऊ वर्षं घरीच होते. मुलं मोठी झाली, म्हटलं आता काहीतरी करूया. इंटरव्ह्यूला विचारलं की कॉम्प्युटर येतो का, मराठी टायपिंग येतं का, कन्नड कळतं का. फोनचं कुणी विचारलंच नाही. आणि ३ जूनला सोमवारी सकाळी आठ वाजता मला ज्या खुर्चीवर बसवलं तिच्यासमोर तो काळा सेट होता, चार बाहेरच्या लाइनी, सोळा बटणं आणि प्रत्येक बटणाला एक बारका दिवा.

आदल्या आठवड्यात मी यूट्यूबवर शोधलं होतं, मराठीत काही सापडलं नाही आणि इंग्रजीत सापडलं ते भलत्याच कंपनीच्या सेटचं. तेव्हा जे कुणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय. तुमचा सेट वेगळा असेल, कोड वेगळे असतील, पण अडचणी साधारण याच येतात.

माझ्या आधी बोर्डवर एक काका होते. टेलिफोन खात्यातून रिटायर होऊन इथे आलेले, ट्रंक कॉल बुक करून द्यायच्या काळापासून फोनवर काम केलेला माणूस. २८ जूनला ते काम सोडणार होते. म्हणजे मला शिकायला चार आठवडे, त्यातले पहिले तीन दिवस त्यांनी मला हँडसेटला हातही लावू दिला नाही. नुसतं शेजारी बसून ऐकायचं आणि वहीत लिहायचं, कुठला फोन कशासाठी आला आणि कुठे दिला. मला तेव्हा वाटलं वेळ वाया चाललाय. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही मोजली तर कळलं की निम्म्याहून जास्त फोन पाचच गोष्टींचे आहेत, ओपीडीची वेळ, रिपोर्ट आला का, पेशंट कसा आहे, डिस्चार्ज कधी आणि योजनेत बसतं का. मग त्या पाच एक्स्टेन्शनचे, म्हणजे आतल्या फोनांचे, नंबर आपोआप पाठ झाले. यादी भिंतीवर होती पण २०२१ ची, त्यातले सात नंबर बदललेले. तुम्ही नवीन असाल तर पहिलं काम हेच करा, यादी घेऊन एकेका डिपार्टमेंटला स्वतः जा, तिथला फोन कुठे ठेवलाय ते डोळ्यांनी बघा. आमच्या लॅबचा फोन कलेक्शनच्या खोलीत आहे आणि रिपोर्ट छापतात दुसऱ्या खोलीत, त्यामुळे तिथे फोन नऊ-दहा वेळा वाजल्याशिवाय कुणी उचलत नाही. हे माहीत नसताना मी चौथ्या रिंगला समजायचे की कुणी नाही.

चौथ्या दिवशी हँडसेट हातात आला. आता बेसिक सांगते. बाहेरून फोन आला की लाइनचा दिवा भराभर लुकलुकतो, उचलला की स्थिर होतो, होल्डवर टाकला की सावकाश लुकलुकतो. ट्रान्सफरचं बटण दाबलं की समोरचा आपोआप होल्डवर जातो, मग एक्स्टेन्शन फिरवायचं, आतला माणूस बोलला की त्याला सांगायचं आणि आपला हँडसेट खाली ठेवायचा, दोघं जोडले जातात. आत कुणी उचललं नाही तर लाइनचं बटण दाबून परत बाहेरच्या माणसाकडे यायचं. एवढंच आहे. कागदावर वाचलं तर दहा मिनिटांचं काम, पण एका कानात पेशंटचा नातेवाईक, समोर काउंटरवर पावती मागणारा माणूस आणि शेजारी दुसरी लाइन वाजतेय तेव्हा बोट बरोबर बटणावर जायला मला दोन आठवडे लागले.

पहिली चूक हँडसेट हातात आला त्याच दिवशी झाली. एकीशी बोलत होते, दुसरी लाइन वाजली, घाईत सरळ दुसऱ्या लाइनचं बटण दाबलं आणि पहिली बाई कट. आमच्या सेटवर आधी होल्ड दाबावं लागतं, मगच दुसरी लाइन. काही सेटवर दुसरी लाइन घेतली की पहिली आपोआप होल्डवर जाते, पण ते प्रोग्रामिंगमध्ये चालू केलेलं असावं लागतं. तुमच्याकडे काय आहे ते पहिल्या दिवशीच विचारून घ्या, किंवा घरच्या कुणाला दोन मोबाईलवरून फोन करायला लावून तपासा.

दुसरी चूक जास्त लागली. एका माणसाला मी म्यूट केलं, होल्ड नाही. आणि म्यूटही नीट दाबलं गेलं नव्हतं. शेजारच्या सिस्टरला मी म्हणाले, हे आज तिसऱ्यांदा विचारतायत. त्यांनी ते ऐकलं. त्यांचा आवाज एकदम उतरला, म्हणाले, "सॉरी ताई, काळजी वाटते म्हणून विचारतोय." मी माफी मागितली, त्यांनी समजून घेतलं, पण त्या दिवसापासून हँडसेट हातात असताना मी कुणाबद्दल काही बोलत नाही, होल्डवर असो नाहीतर नसो.

दुसऱ्या आठवड्यात काकांनी एक केलं ते मी कधी विसरणार नाही. दुपारी अडीचला, फोन जरा कमी असतात तेव्हा, म्हणाले, "पोरी, मोबाईल घे आणि खाली चहाच्या टपरीवर जा, तिथून आपल्याला फोन लाव." मी लावला. काका म्हणाले, "एक मिनिट थांबा हं," आणि मला होल्डवर टाकलं. आमच्या सिस्टिमला तेव्हा होल्डची ट्यून नव्हती, नुसती शांतता. दहा सेकंदांनी मी मोबाईल कानापासून काढून स्क्रीन बघितली, कॉल चालू आहे का. वीस सेकंदांनी हॅलो हॅलो केलं. मग मोबाईलवरच घड्याळ बघत राहिले. आत काय चाललंय, मला विसरले का, फोन ठेवू की थांबू, काहीच कळेना, आणि मी तर सुखरूप टपरीवर उभी होते, माझं कुणी आयसीयूत नव्हतं. परत काकांचा आवाज आला तेव्हा मला वाटलं तीन-चार मिनिटं झाली असतील, मोबाईलवर पाहिलं तर एक मिनिट चाळीस सेकंद. वर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "आता कळलं ना, तीस सेकंदांत परत जायचं. उत्तर नसलं तरी जायचं. अजून बघतेय, फोन ठेवू नका, एवढं तरी सांगायचं." तेव्हापासून टेबलावर एक बारकं सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवलंय, १४० रुपयांचं, लक्ष्मी मार्केटमधून आणलेलं.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे होल्डवर टाकायच्या आधी नंबर आणि नाव लिहून घ्यायचं. आमच्या सेटवर नंबर दिसतो पण दुसरा फोन आला की स्क्रीन बदलते. लाइन तुटली तर निदान आपण उलटा फोन करू शकतो. आणि नंबर घेताना एकेक आकडा परत म्हणून दाखवायचा. लोक जोडीनं सांगतात, एकोणसाठ, एकोणसत्तर, त्रेसष्ट, त्रेपन्न, फोनवर यात फरकच कळत नाही. मी "पाच नऊ का?" असं विचारते, सुरुवातीला लोकांना विचित्र वाटतं पण चुकीचा नंबर लिहिण्यापेक्षा बरं.

उलटा फोन लावतानाही एक गंमत कळेना मला. बोर्डवरून बाहेर जायला शून्य दाबायचं, मग नंबर. पण मोबाईल लागायचाच नाही. मग कळलं की १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करायचा तर आधी शून्य लावावं लागतं, म्हणजे आमच्याकडे दोनदा शून्य, एक बाहेरच्या लाइनचं आणि एक मोबाईलचं. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं, मी आता स्केचपेननं सेटच्या वर लिहून चिकटवलंय.

आमच्याकडे निम्मे पेशंट सीमेपलीकडचे, अथणी, चिकोडी, जमखंडी, विजापूर. माझं कन्नड मोडकं आहे, कळतं पण पटापट बोलता येत नाही. पुरुष वॉर्डातल्या एका सिस्टर जमखंडीकडच्या, त्यांच्याकडे असे फोन द्यायचे ठरलं. पण होल्डवर टाकायच्या आधी "ओंद निमिष री, कट माडब्याड्री" (एक मिनिट हं, कट करू नका) एवढं तरी त्यांच्या भाषेत म्हणायला मी शिकले, आणि तेवढ्यावर माणूस शांत थांबतो.

२८ जूनला काकांनी काम सोडलं. १ जुलैपासून मी एकटी, सकाळी आठ ते चार. दुपारच्या जेवणाला अर्धा तास बिलिंगची मुलगी बसते.

४ जुलै, गुरुवार. हे लिहायला मला अजून जड जातं. अकराच्या सुमारास चारही लाइनी चालू होत्या. जमखंडीहून एकांचा फोन, आई आयसीयूत, काल रात्री आणलेली, भाऊ इथे आहे पण त्याचा मोबाईल लागत नाही. मी नंबर लिहून घेतला नाही. आयसीयूचं एक्स्टेन्शन फिरवलं आणि रिंग वाजायला लागल्याबरोबर हँडसेट ठेवून दिला, कुणी उचलायची वाटच बघितली नाही. आत राउंड चालू होता, कुणी उचललं नाही, तीस सेकंदांनी कॉल माझ्याकडे परत आला. परत आलेल्या कॉलला स्क्रीनवर रिकॉल असं येतं पण मी बघितलंच नाही, नवा फोन समजून "नमस्कार, बोला" म्हणाले. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी परत तसंच दिलं. परत आला. तिसऱ्यांदा मी कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागाला दिला, म्हटलं तिथून कुणीतरी जाऊन सांगेल, कॅज्युअल्टीतल्या ब्रदरनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि कॉल परत माझ्याकडे वळवला. तेव्हा ते म्हणाले, "ताई, मी चौथ्यांदा तेच सांगतोय. माझी आई आहे ती." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी बाकीच्या तीन लाइनींना थांबा म्हणाले, बिलिंगच्या मुलीला बोर्डवर बसवलं आणि स्वतः वर आयसीयूत गेले. भाऊ बाहेर बाकावर झोपला होता, मोबाईलची बॅटरी संपलेली. त्याला उठवून खाली आणलं आणि माझ्या मोबाईलवरून बोलायला लावलं. आई ठीक होती, आठवड्यानं घरीही गेली. पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण बटणं मी सगळी बरोबर दाबली होती आणि तरी त्या माणसाला मी तीनदा इकडून तिकडे फेकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी ठरवलं, वॉर्ड, आयसीयू आणि कॅज्युअल्टीचा कुठलाही फोन आत बोलल्याशिवाय द्यायचा नाही. आतल्या सिस्टरला आधी सांगायचं, "सिस्टर, बेड चारच्या आजींचा मुलगा आहे, जमखंडीहून, रात्रीपासून काही कळलेलं नाही, तुम्ही बोलाल की आरएमओंना (ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) देऊ?" सात-आठ सेकंद जास्त लागतात. पण मग सिस्टर फोन घेतानाच नाव घेऊन बोलतात, आणि त्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. थेट ट्रान्सफर मी फक्त मेडिकल आणि ओपीडी अपॉइंटमेंटला करते, तिथे खिडकीवर माणूस कायम असतो. आणि बाहेरच्यालाही सांगते, "लॅबला जोडतेय, उचलायला वेळ लागतो, कट झालं तर मी लावते."

वॉर्डातले फोन साधे आहेत, बटण नाही दिवा नाही. त्यांना फोन परत माझ्याकडे द्यायचा तर फ्लॅश दाबून नऊ फिरवायचं. फ्लॅशच्या बटणाऐवजी काही जण हँडसेटखालची कडी दाबतात, ती जरा जास्त वेळ दाबली की कॉल कटच होतो. आमच्याकडे कट होणाऱ्या बऱ्याच फोनांचं कारण हे होतं. मी मेट्रन मॅडमना विचारून दुपारी तीनच्या शिफ्ट बदलाच्या वेळी प्रत्येक वॉर्डात पाच मिनिटं जाऊन दाखवून आले. कुणाला राग आला नाही, उलट दोन सिस्टर म्हणाल्या की आम्हाला हे कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मग कागदपत्रांचा भाग. मला तीन गोष्टी हव्या होत्या, हेडसेट, होल्डची ट्यून आणि रिकॉलची वेळ तीसवरून पंचेचाळीस सेकंद. मान आणि खांदा दोन्ही भरून यायचे म्हणून हेडसेट मी स्वतःच ८ जुलैला ऑनलाइन मागवला, १,८५० रुपये, आणि इथे चुकले, कारण आधी मागणीचा फॉर्म भरून अॅडमिनची सही घ्यायला हवी होती. बिल हॉस्पिटलच्या नावावर नसल्यानं अकाउंट्सनं परत पाठवलं, मग विक्रेत्याकडून बिल बदलून घेतलं, व्हाउचर भरलं, पैसे २ ऑगस्टला मिळाले. दुसरं म्हणजे हेडसेटची पिन तुमच्या सेटला बसते का ते आधी बघा, मोबाईलचा हेडसेट सगळ्या डेस्क फोनला चालत नाही. ट्यून आणि रिकॉल हे प्रोग्रामिंगचं काम, ते मेंटेनन्सवाला इंजिनिअरच करतो आणि त्याला लेखी अर्ज लागतो, डिपार्टमेंट हेडच्या सहीचा. १० जुलैला अर्ज दिला, इंजिनिअर २० ऑगस्टला आला. काम झालं पंधरा मिनिटांत. तो आला की जे जे हवंय ते एकदम सांगा, मी दुपारच्या जेवणाच्या वेळचं फॉरवर्डिंग सांगायला विसरले, ते अजून झालेलं नाही.

मधे २६ जुलै गेला. कृष्णेचं पाणी वाढत होतं, सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ धोक्याची, आणि २०१९ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना आकडा कानावर पडला तरी पोटात गोळा येतो. सकाळी सव्वाआठपासून फोन सुरू झाले ते थांबेनात. शिरोळ, कुरुंदवाड, हरिपूर, सांगलीवाडी, सगळीकडून. डॉक्टर येणार का, ओपीडी आहे का, रस्ता सुरू आहे का. आणि डायलिसिसचे पेशंट. त्यांना आठवड्यातून दोनदा-तीनदा यावंच लागतं, पाऊस बघून पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे ते विचारत होते की उद्याची पाळी आहे तर आजच येऊन राहू का.

डायलिसिसला एकच फोन आणि तो टेक्निशियननं उचलायचा, त्याचे हात मशिनवर. पहिले दोन कॉल मी त्याला दिले, तिसऱ्याला कळलं की असं चालणार नाही. मग मी होल्ड करणंच बंद केलं. उचलला की पहिला प्रश्न, "पेशंटला आत्ता दम लागतोय, सूज आहे, काही त्रास आहे का?" हो म्हटलं तर लगेच कॅज्युअल्टी, बाकी सगळं थांबवून. नाही म्हटलं तर नाव, गाव, नंबर, पुढची पाळी कधी, आणि "बारापर्यंत तुम्हाला आमच्याकडून फोन येईल, तुम्ही लाइनवर थांबू नका." साडेदहापर्यंत अकरा नावं झाली. कागद घेऊन मावशी वर गेल्या, टेक्निशियननं डॉक्टरांना विचारून कुणी आज यायचं ते ठरवलं आणि पावणेबारापासून मी एकेकाला फोन लावले. दोन शून्य दाबून. अकरा जणांपैकी एकाचा लागला नाही, त्यांच्या मुलीचा नंबर केस पेपरवर होता, तिला लावला. रस्त्याचं मात्र मी अंदाजानं काही सांगितलं नाही, तहसीलच्या कंट्रोल रूमला विचारा म्हणाले, कारण मी हो म्हणायची आणि कुणीतरी पेशंट घेऊन पाण्यापाशी अडकायचं.

एकदा लाइट गेली त्या दिवशी. एक्स्चेंज, म्हणजे सगळे फोन जोडणारं मशीन, यूपीएसवर असतं त्यामुळे बोर्ड चालू राहिला, पण यूपीएस किती वेळ टिकतो ते मला माहीत नव्हतं. विचारून घेतलं, सुमारे दोन तास. त्यानंतर आतले सगळे फोन बंद. कॅज्युअल्टीत एक जुना लँडलाइन आहे जो बोर्डमधून जात नाही, तो लाइट नसली तरी चालतो. तुमच्या ऑफिसात असा कुठला फोन आहे का, ते आधीच शोधून ठेवा.

गणपतीपर्यंत हात बसला. आता तीन लाइनी एकदम वाजल्या तर आधी तिघांनाही उचलून एकेक वाक्य ऐकते, मग ठरवते कुणाला थांबवायचं. ज्यानं सगळ्यात आधी फोन केला त्याला आधी, हा नियम हॉस्पिटलात चालत नाही असं माझं मत आहे. आणि फोनवर पेशंटचं काही सांगताना नातं आणि पेशंटचं पूर्ण नाव विचारते, आजार आणि रूम नंबर मी सांगत नाही, डॉक्टरांचा मोबाईल तर नाहीच. यावरून लोक चिडतात. त्यांना सांगते की तुमच्या पेशंटबद्दल उद्या दुसऱ्या कुणी विचारलं तरी मी हेच करणार आहे, मग बहुतेक जण ऐकतात.

घसा बसतो, ते अजून बसतोच. कोमट पाण्याची बाटली आणि खडीसाखर, याच्यापलीकडे मला उपाय सापडलेला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारच्या पाळीला एक नवीन मुलगी आली, बावीस वर्षांची, पहिलीच नोकरी. तिनं सोळा बटणं बघितली आणि माझ्याकडे बघितलं. नवी यादी, दोन शून्यांची चिठ्ठी आणि रिकॉल कसा ओळखायचा, हे एका पानावर लिहून दिलं तिला. मग दुपारी अडीच वाजता म्हटलं, मोबाईल घे आणि खाली टपरीवर जा, तिथून आपल्याला फोन लाव.